लॉकडाऊन की नॅचरल इम्युनिटी : हिशोब नक्की कशाचा मांडायचा?

उंबरठा :

कोविडचा विषय निघाला की अजूनही लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, लॉकडाऊन हा शुद्ध अडाणीपणा होता, पसरू द्यायचा होता रोग, सगळ्यांना आपोआप इम्युनिटी आली असती आणि चार-सहा महिन्यांत विषय संपला असता. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, लॉकडाऊन होता म्हणून वाचलो, आणि त्याबद्दल साधा प्रश्न विचारणारा माणूसही लसविरोधी, विज्ञानविरोधी वगैरे. मला दोन्ही पटत नाही. पुढची साथ कधीतरी येणारच आहे आणि तेव्हा परत घबराटीतच निर्णय होणार, म्हणून आत्ता डोकी शांत असताना यावर नीट बोलून घ्यावं असं वाटलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लॉकडाऊनमुळे फक्त वेळ मिळतो. नॅचरल इम्युनिटी खरी असते, बऱ्यापैकी टिकतेसुद्धा, पण ती मिळवायची तर आधी आजारी पडावं लागतं, आणि नव्या व्हायरसच्या बाबतीत ते पहिलं आजारपणच सगळ्यात घातक असतं. तेव्हा पहिलं इन्फेक्शन आज झालेलं बरं की वर्षभरानं, आणि त्या मधल्या वर्षात आपण काय केलं, हे विचारायला हवं.

इम्युनिटीबद्दल आधी लिहिते, कारण त्या काळात तिच्याकडे फारच दुर्लक्ष झालं. ब्रिटनमधे हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांवर सायरन नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात एकदा कोविड होऊन गेलेल्यांना पुढच्या सातेक महिन्यांत परत इन्फेक्शन होण्याचा धोका साधारण ८४ टक्क्यांनी कमी दिसला. जानेवारी २०२२ मधे अमेरिकेच्या सीडीसीनंच (सरकारी रोगनियंत्रण संस्था) कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कचे आकडे काढले, त्यात डेल्टाच्या काळात आधी कोविड होऊन गेलेल्यांना नुसती लस घेतलेल्यांपेक्षा जास्त संरक्षण होतं. ओमिक्रॉन आल्यावर परत परत इन्फेक्शन होणं सर्रास झालं, पण गंभीर आजारापासूनचं संरक्षण टिकून राहिलं, २०२३ मधे लॅन्सेटमधेच आलेल्या आढाव्यात दहा महिन्यांनंतरही ते ८८ टक्क्यांच्या घरात होतं. म्हणजे होऊन गेलेल्या कोविडचा काही उपयोग नाही असं जे सरसकट सांगितलं गेलं ते चूकच होतं.

आता त्याची किंमत. लस येण्याआधीच्या काळात इन्फेक्शन झालेल्या दर शंभरातले किती दगावले याचे वयानुसार अंदाज आहेत. दहा वर्षांच्या मुलांमधे ०.००२, पंचविशीत ०.०१, पंचावन्नला ०.४, पासष्टला १.४, पंच्याहत्तरला ४.६ आणि पंच्याऐंशीला १५. दोन टोकांत हजारो पटींचा फरक आहे, नातवाचा आजार वेगळा आणि पणजीचा आजार वेगळा म्हणावं इतका.

आणि ब्राझीलमधलं मनौस. तिथे रोग जवळजवळ मोकाट पसरला, रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीवरून केलेला अंदाज असा होता की ऑक्टोबर २०२० पर्यंत ७६ टक्के लोकांना इन्फेक्शन होऊन गेलेलं होतं. पुस्तकी गणितानुसार तिथली साथ संपायला हवी होती. जानेवारी २०२१ मधे तिथे गॅमा व्हेरियंटची लाट आली आणि हॉस्पिटलांतला ऑक्सिजन संपला, माणसं श्वास कोंडून गेली. तो ७६ चा आकडा फुगलेला असेल असं नंतर काहींनी म्हटलं आहे, पण तरी.

वेळ मिळाल्यानं काय होतं, तर मला सगळ्यात पटणारं उदाहरण डेक्सामेथासोनचं. जुनं, अगदी स्वस्त स्टेरॉइड. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलनं १६ जून २०२० ला जाहीर केलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधे त्यानं मृत्यू एक तृतीयांशानं कमी होतात आणि ऑक्सिजनवरच्या पेशंटमधे एक पंचमांशानं. एप्रिलमधे व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस आणि जुलैमधे गेलेला माणूस, व्हायरस तोच, वय तेच, पण जुलैमधल्याच्या वाट्याला हे औषध आलं. ८ डिसेंबर २०२० ला ब्रिटनमधे ट्रायलबाहेरची पहिली लस टोचली गेली. ज्यांचं पहिलं इन्फेक्शन त्याच्याही पुढे ढकललं गेलं त्यांना इम्युनिटी आजाराशिवाय मिळाली. मला लॉकडाऊनच्या बाजूनं एवढंच म्हणायचं आहे, याहून जास्त नाही.

तुमची मतं सांगा. फक्त व्हॉट्सॅपवरची फॉरवर्ड चिकटवू नका, कळकळीची विनंती.

सांजवेळ :

मनौसबद्दल एवढं माहीत नव्हतं. वाचतेय.

रानवाट :

वेळ मिळतो हे मान्य. पण त्या वेळाची किंमत कुणी भरली तेही लिहा ना ताई, तुमच्या अख्ख्या पोस्टमधे त्यावर एक ओळ नाही.

भारतात २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता घोषणा आणि बारा वाजल्यापासून लागू. चार तास. ज्याचं हातावर पोट आहे त्यानं चार तासांत काय करायचं होतं? बस बंद, रेल्वे बंद, काम बंद, लाखो माणसं बायकापोरांना घेऊन हायवेनं चालत निघाली. ज्यांच्याकडे लॅपटॉप आणि महिन्याचा पगार होता त्यांनी दार लावून घेतलं आणि त्यांच्यासाठीचा वेळ दुसऱ्या कुणीतरी उपाशी राहून मिळवून दिला. जागतिक बँकेचा अंदाज आहे की एकट्या २०२० मधे जगात सात कोटींच्या आसपास माणसं अति गरिबीत ढकलली गेली.

आणि पेरू बघा. लॅटिन अमेरिकेत सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक लॉकडाऊन करणाऱ्यांत पेरू होता, १६ मार्च २०२०, लष्कर रस्त्यावर. तरी लोकसंख्येच्या मानानं जगात सगळ्यात जास्त मृत्यू झालेल्या देशांत तोच. मे २०२१ च्या अखेरीस त्यांनी स्वतःचा मृतांचा आकडा तपासला तर तो ६९ हजारांवरून एकदम १ लाख ८० हजारांवर गेला. कारण काय, तर जवळजवळ निम्म्या घरांत फ्रीज नाही, म्हणजे बाजारात सारखं जावंच लागणार. सरकारनं मदतीचे पैसे दिले पण बहुतेकांची बँकेत खातीच नाहीत, मग ते घ्यायला बँकेच्या दारात तासन्‌तास खेटून रांगा. म्हणजे लॉकडाऊनचा सगळा जाच झाला, उपासमार झाली आणि रोग पसरायचा तो पसरलाच. आगीतून फुफाट्यात, दुसरा शब्द नाही.

एकच नियम सगळ्या देशांना आणि देशातल्या सगळ्या माणसांना लावला हा माझा मूळ आक्षेप आहे. लॉकडाऊन कागदावर काय आहे त्यापेक्षा तो ज्याच्यावर लादतोय तो माणूस घरात बसू शकतो का हे आधी बघायला हवं होतं.

उंबरठा :

रानवाट, पेरूबद्दल शंभर टक्के सहमत आणि मजुरांबद्दल तर काय बोलणार. घरी बस म्हणताना घरी बसण्याचे पैसे आणि धान्य दारात पोचवण्याची सोय झाली नसेल तर त्या हुकमाला मी लॉकडाऊन म्हणणारच नाही, ती नुसती शिक्षा.

पण आर्थिक नुकसानीचा सगळा दोष लॉकडाऊनवर टाकताना एक गोष्ट सुटते. हुकूम निघो वा न निघो, लोक घाबरून घरी बसतातच. डेन्मार्कनं लॉकडाऊन केला, शेजारच्या स्वीडननं केला नाही. बँकेच्या व्यवहारांवरून हिशोब काढला तर पहिल्या टप्प्यात डेन्मार्कमधला खर्च २९ टक्क्यांनी पडला आणि स्वीडनमधला २५ टक्क्यांनी. म्हणजे फरक चार टक्क्यांचा, बाकी सगळी भीती. अमेरिकेत गुल्सबी आणि सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइलच्या लोकेशनवरून असंच बघितलं, दुकानांतली वर्दळ ६० टक्क्यांनी घटली होती आणि त्यातली सरकारी हुकमांमुळे घटलेली फक्त ७. तेव्हा लॉकडाऊन नसता तर धंदे नीट चालले असते हे गृहीत धरता येत नाही, साथ मोकाट सुटली की गिऱ्हाईक येतच नाही.

धुकं :

उंबरठा, पण मग तुमचाच मुद्दा उलटा फिरतो ना? लोक आपण होऊन घरी बसत होते तर पोलीस आणि दंडुके हवेत कशाला? स्वीडननं नेमकं तेच केलं.

स्वीडननं काहीच केलं नाही असा एक गैरसमज आहे तो आधी काढूया. ५० पेक्षा जास्त माणसं जमायला बंदी होती, मोठ्या मुलांचे वर्ग आणि विद्यापीठं ऑनलाइन होती, वृद्धाश्रमांत भेटायला बंदी होती. पण १६ वर्षांखालच्यांच्या शाळा चालू राहिल्या आणि बाकी बहुतेक गोष्टी सल्ल्यावर चालल्या. तिथले मुख्य साथरोगतज्ज्ञ टेग्नेल यांना त्या वेळी जगभरातून शिव्या पडल्या. आणि २०२० ते २०२२ अशी तीन वर्षं एकत्र धरली तर नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू स्वीडनमधे युरोपातल्या सगळ्यात कमी देशांमधे येतात. हे लॉकडाऊनवाल्यांनी कधी समोर मांडलेलं मला तरी दिसलं नाही.

पारवा :

धुकं, तीन वर्षांची बेरीज सांगितलीत, आता पहिल्या वर्षाचंही सांगा. २०२० अखेर स्वीडनमधले लोकसंख्येच्या प्रमाणातले कोविड मृत्यू नॉर्वे आणि फिनलंडच्या आठ-दहा पट होते, आणि त्यातले फार मोठ्या प्रमाणात वृद्धाश्रमांतले. त्यांच्याच सरकारनं नेमलेल्या आयोगानं डिसेंबर २०२० मधे लिहिलं की वृद्धांना वाचवण्यात आपण अपयशी ठरलो. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटच्या अहवालात त्याच आयोगानं म्हटलं की सक्तीपेक्षा सल्ल्यावर भर देण्याचा मार्ग मुळात बरोबर होता, पण फेब्रुवारी-मार्च २०२० मधे आणखी लवकर आणि आणखी कडक पावलं उचलायला हवी होती. मला तो अहवाल प्रामाणिक वाटतो, दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहायची हिंमत कमी सरकारांमधे असते.

मी कोविड वॉर्डात काम केलेली डॉक्टर आहे, त्यामुळे थोडं आतलं सांगते. वरती वयानुसार मृत्यूचे जे टक्के दिलेत ते बेड आणि ऑक्सिजन मिळतोय असं धरून आहेत. लाट एकदम आली की हे टक्के जागेवर राहत नाहीत. आमच्याकडे मुख्य टँकचा प्रेशर गेज उतरायला लागला की रात्री एकेका बेडपाशी जाऊन बघायचो, ज्याचं सॅच्युरेशन ९७ दिसतंय त्याच्या फ्लोमीटरचा नॉब हळूहळू फिरवून त्याला ९२ वर आणायचं, तिथे पाच मिनिटं थांबायचं, तो धापा टाकत नाहीये ना बघायचं, मग पुढचा बेड. असं करून वाचलेला ऑक्सिजन दारात स्ट्रेचरवर असलेल्याला. त्याच रात्री हार्ट अटॅकचा पेशंट आला तर त्याला आयसीयू नाही, कोविड नसूनही तो कोविडचाच बळी. तीच माणसं चार महिन्यांत विभागून आली असती तर त्यातली कितीतरी घरी गेली असती, आणि हे मी अंदाजानं म्हणत नाहीये, पुढच्या ओसरत्या लाटेत तेवढेच आजारी पेशंट वाचताना बघितलेत.

म्हणून मला "पसरू द्या" ऐकवत नाही. पसरायचं तर आहेच, पण केवढ्या वेगानं, ते आमच्यासाठी जगणं-मरणं असतं.

काजवा :

पारवाताई, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण "पसरू द्या" हे इतकं सरसकट कुणी म्हणत नव्हतं. ऑक्टोबर २०२० मधलं ग्रेट बॅरिंग्टन डिक्लरेशन वाचा, ते लिहिणारे तेव्हा स्टॅनफर्डचे जय भट्टाचार्य, ऑक्सफर्डच्या सुनेत्रा गुप्ता, हार्वर्डचे मार्टिन कुलडॉर्फ. त्यांचं म्हणणं होतं की धोका वयावर इतका अवलंबून आहे तर म्हाताऱ्यांना आणि आजारी माणसांना नीट सांभाळा आणि तरुणांना, मुलांना नेहमीसारखं जगू द्या, त्यांच्यातल्या नैसर्गिक इम्युनिटीनं पुढे सगळ्यांचंच संरक्षण होईल. वर उंबरठा यांनी दिलेला वयाचा तक्ता बघता हे अगदी सरळ निघतं. त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं गेलं ते चांगलं झालं नाही, वाद घालायचा होता.

उंबरठा :

काजवा, वाद दाबला गेला याबद्दल तुमच्याशी सहमत. पण मुद्द्यावर नाही.

म्हाताऱ्यांना सांभाळा म्हणजे नक्की कसं, यावर त्या जाहीरनाम्यात चार-दोन ओळी होत्या. जगातली बहुसंख्य म्हातारी माणसं वृद्धाश्रमात राहत नाहीत, मुलांच्या, नातवंडांच्या घरात राहतात, दोन खोल्यांत सहा माणसं. तरुणांमधे रोग मुद्दाम पसरू दिला आणि त्याच घरातल्या आजीला वेगळं ठेवायचं, हे कुठल्या देशानं करून दाखवलं? स्वीडनला वृद्धाश्रमसुद्धा राखता आले नाहीत आणि तो श्रीमंत, कमी दाटीचा देश आहे. लगेच दहा दिवसांत जॉन स्नो मेमोरँडम म्हणून त्याला उत्तर आलं त्यातही हाच आक्षेप मुख्य होता.

आणि वेळ बघा ना! ऑक्टोबर २०२०. लसीच्या मोठ्या ट्रायल्सचे निकाल महिन्याभरात यायचे होते. ज्या आजीला ऑक्टोबरमधे इन्फेक्शन झालं आणि जिला मार्चपर्यंत लस मिळाली असती, तिच्यासाठी ते पाच महिने सगळं काही होते. हाच सल्ला लस सगळ्या ज्येष्ठांना मिळून गेल्यावर दिला असता तर मी सही केली असती.

गणिती_वेडा :

एक तांत्रिक गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. हर्ड इम्युनिटी म्हणजे इतक्या लोकांना इम्युनिटी येणं की रोग पसरायचा थांबतो. तिचा उंबरठा म्हणजे १ वजा १ भागिले आर, आर म्हणजे एक पेशंट सरासरी किती जणांना रोग देतो. एक पेशंट सरासरी तिघांना देत असेल तर ६७ टक्के. लोक समजतात की ६७ टक्क्यांना झालं की साथ थांबली. तसं नसतं. त्या क्षणी रुग्ण वाढायचे थांबतात, पण तेव्हा लाखो लोक एकाच वेळी आजारी असतात आणि ते आणखी लाखोंना देऊन मगच साथ विझते. याला ओव्हरशूट म्हणतात. साधं मॉडेल चालवलं तर आर ३ असताना मोकाट साथ शेवटी ९४ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे ६७ वर भागलं असतं तिथे ९४. जादाचे २७ टक्के लोक फुकट आजारी पडले, त्यांच्या आजाराची हर्ड इम्युनिटीला गरजसुद्धा नव्हती.

म्हणजे समजा तुम्ही पक्के नॅचरल इम्युनिटीवाले आहात, लस कधीच येणार नाही असं धरून चाललात, तरीसुद्धा ब्रेक लावत लावत जाण्यातच शहाणपणा आहे. आणि डेल्टासारखा आर ५-६ वाला आला की उंबरठाच ८० च्या वर जातो, तिथे हे सगळं गणित अजून बिघडतं. आणि इम्युनिटी कायमची टिकत नसेल तर ओमिक्रॉनसारख्याच्या बाबतीत उंबरठा वगैरे काही उरतच नाही, तो येतच राहतो, फक्त आपण मरत नाही.

धुकं :

हे ओव्हरशूटचं पहिल्यांदाच कळलं. मॉडेल माणसांना ठोकळे समजतं, लोक आपण होऊन सावध होतात तो भाग त्यात धरलेला नसतो, पण मुद्दा घेतला.

अश्मक :

भारताच्या सीरो सर्व्हेवरून (किती जणांच्या रक्तात अँटिबॉडी आहेत याची पाहणी) हा सगळा प्रवास दिसतो. जुलै २०२० मधे मुंबईत झोपडपट्ट्यांमधे ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी आणि बाहेरच्या इमारतींमधे १६ टक्के. लॉकडाऊन एकच, शहर एकच. रानवाट म्हणतात तेच, दहा घरांना एक संडास असेल तर अंतर कसं ठेवणार. मग जानेवारी २०२१ मधे दिल्लीत ५६ टक्के निघाले आणि सगळीकडे बातम्या, हर्ड इम्युनिटी आली, आपण जिंकलो. त्याच दिल्लीत एप्रिलमधे काय झालं ते सगळ्यांनी बघितलं.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशभरच्या सर्व्हेत डिसेंबर-जानेवारीत २१ टक्के होते आणि जून-जुलै २०२१ मधे ६७.६ टक्के, लस न घेतलेल्यांमधेसुद्धा ६२ च्या वर. म्हणजे दुसऱ्या लाटेनं नॅचरल इम्युनिटी दिली, खरंच दिली, आणि ओमिक्रॉनच्या वेळी तिचा उपयोगही झाला. पण कशाच्या बदल्यात? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०-२१ चा भारताचा जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख आहे. सरकारनं तो नाकारला आहे, पण तो निम्मा धरला तरी डोळे पांढरे होतात. "नॅचरल इम्युनिटी असती तर" असं म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं की अहो, आपण तो प्रयोग केलाय.

शेवटचा_बाक :

तुम्ही सगळे मृत्यू मोजताय, ते मोजायलाच हवेत, पण मी शिक्षिका आहे आणि मला जे दिसलं ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

शाळा उघडल्यावर तिसरीच्या वर्गात आलेली मुलं म्हणजे पहिली-दुसरी शाळेत न बसलेली. एक मुलगा फळ्यावरचं वाक्य वहीत हुबेहूब उतरवायचा, अक्षर इतकं वळणदार की बघत राहावं. वाच म्हटलं की गप्प. त्याला अक्षरं म्हणजे चित्रं होती, बघून काढायची. मोठ्या भावानं घरी वह्या पूर्ण करायला बसवलेलं, कुणी वाचायला शिकवलंच नव्हतं. आणि तो एकटा नव्हता, निम्मा वर्ग तसाच होता, फक्त बाकीच्यांचं अक्षर एवढं चांगलं नव्हतं म्हणून ते लगेच लक्षात आले आणि हा राहिला.

युगांडात शाळा जवळजवळ दोन वर्षं बंद होत्या, मार्च २०२० ते जानेवारी २०२२. गरीब आणि मध्यम देशांत दहा वर्षांच्या मुलांपैकी साधा उतारा वाचून न समजणारी ५७ टक्के होती ती ७० टक्क्यांपर्यंत गेल्याचा अंदाज जागतिक बँक, युनेस्को, युनिसेफ यांनी मिळून दिला. आणि २०२१ मधे अडीच कोटी बालकांचे ट्रिपल लसीचे डोस पूर्ण झाले नाहीत, म्हणजे एका साथीसाठी मुलांना दुसऱ्या साथींच्या तोंडी दिलं.

उंबरठा यांचाच तक्ता घ्या, दहा वर्षांच्या मुलाला ०.००२. तो तक्ता २०२० च्या शेवटापर्यंत सगळ्यांच्या हातात होता. मग सिनेमागृहं उघडली तरी शाळा बंद, हे कुणी ठरवलं? मुलांना बोलता येत नाही, मतही देता येत नाही, म्हणून. मला याचा अजून राग आहे आणि तो जाणार नाही.

पारवा :

शेवटचा_बाक, तुमच्याशी पूर्ण सहमत. पहिले दोन-तीन महिने शाळा बंद ठेवणं मला समजतं, कारण फ्लूच्या साथी मुलांमधून पसरतात आणि हा तसाच आहे की नाही हे कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर नाही. डॉक्टर म्हणून आम्ही शाळांसाठी मोठ्यानं बोलायला हवं होतं.

रानवाट :

+१००. लॉकडाऊन म्हणजे एकच मोठं बटण नाही, त्यात पन्नास वेगवेगळे निर्णय असतात. सीमा बंद करणं, लग्नसमारंभ बंद, शाळा बंद, बागा बंद, सगळ्यांचा फायदा-तोटा निराळा. मोकळ्या हवेतल्या बागांना कुलपं लावून लोकांना कोंदट घरांत कोंबलं, त्यातून काय साधलं?

पाणकळा :

बेटांबद्दल कुणी लिहिलंच नाही. १९१८ च्या फ्लूत वेस्टर्न सामोआत नोव्हेंबरमधे ऑकलंडहून तालुने नावाची बोट आली, आजारी माणसं असूनही धक्क्याला लागू दिली, आणि काही आठवड्यांत तिथली जवळजवळ पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नरनं बोटींवर कडक क्वारंटाइन लावलं, तिथे एकही मृत्यू नाही. कोविडमधे न्यूझीलंडनं तेच केलं, मार्च २०२० मधे सीमा बंद, कडक लॉकडाऊन, आत रोग संपवला आणि लस दिल्यावर २०२२ मधे उघडलं. त्यांचं पहिलं इन्फेक्शन बहुतेकांना लसीनंतर झालं. तिथे हे जमलं कारण समुद्र आहे आणि विमानतळ मोजके आहेत, जमिनीच्या सीमा असलेल्या देशांनी ते स्वप्न बघण्यात अर्थ नव्हता.

उंबरठा :

पाणकळा, बरं झालं आठवण केलीत. पण नुसत्या बंदिस्तीनं भागत नाही, त्याचंही उदाहरण आहे, हाँगकाँग. दोन वर्षं रोग जवळजवळ बाहेर ठेवला, लस हातात होती, एकच नाही तर दोन प्रकारच्या. पण रोग दिसत नाही म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसांना लस घ्यायची घाई वाटेना, कुणी मागे लागून दिलीही नाही, ऐंशीच्या वरच्या निम्म्याहून जास्त लोकांचे डोस पूर्ण झालेले नव्हते. फेब्रुवारी-मार्च २०२२ मधे ओमिक्रॉन घुसला आणि काही आठवडे हाँगकाँगचा मृत्युदर जगात सगळ्यात जास्त होता. "सौम्य" म्हणवला गेलेला ओमिक्रॉन! त्यांना वेळ सगळ्यांपेक्षा जास्त मिळाला होता. चीननं तर त्याच वर्षाच्या शेवटी, भर थंडीत, सगळं एकदम उघडून टाकलं.

त्यामुळे माझ्या मते लॉकडाऊनचा प्रत्येक आठवडा जाहीर करताना सरकारनं त्यासोबत एक यादी जाहीर करायला हवी. या आठवड्यात इतके ऑक्सिजन बेड वाढतील, इतक्या टेस्ट वाढतील, इतक्या घरांत धान्य पोचेल, ज्येष्ठांपैकी इतक्यांना लस मिळेल. आठवडा संपला की काय झालं, काय नाही झालं, ते लोकांसमोर ठेवायचं. यादीतलं काहीच होत नसेल तर लोकांना कोंडून ठेवायचा अधिकार संपला.

आणि ज्याला होऊन गेलाय त्याचं होऊन जाणं मोजायचं. युरोपीय संघाच्या सर्टिफिकेटमधे २०२१ पासून बरं झालेल्यांना १८० दिवसांची मान्यता होती, म्हणजे हे करता येत होतं. अमेरिकेत मात्र वर्षभर कोविड वॉर्डात काम करून, आजारी पडून बरं झालेल्या नर्सेसना लस घेतली नाही म्हणून नोकरीवरून काढलं. त्यांची लस घ्यायची तयारी हवी होती असं मलाही वाटतं, पण त्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी नाहीतच असं वागल्यानं लोकांचा जो विश्वास उडाला तो पुढच्या साथीत नडणार आहे.

काजवा :

हा यादीचा मुद्दा मला पटला. मी लॉकडाऊनच्या विरोधात आहे आणि राहीन, पण अशी यादी असती तर निदान भांडायला काहीतरी हाती असतं.

एक प्रश्न. पुढची साथ कोविडसारखी म्हाताऱ्यांना धरणारी नसली तर? १९१८ ला वीस ते चाळीसमधलेच जास्त गेले ना?

पारवा :

बरोबर, आणि म्हणूनच वय धरून आधीच आखलेली कुठलीही योजना धोक्याची, तुमची फोकस्ड प्रोटेक्शनची (म्हाताऱ्यांना सांभाळून बाकीच्यांना मोकळं सोडण्याची) असो नाहीतर आमची शाळा उघड्या ठेवण्याची. कोण मरतंय हे पहिल्या काही आठवड्यांत शोधणं हे सगळ्यात पहिलं काम. कोविडमधे डायमंड प्रिन्सेस या क्वारंटाइन केलेल्या प्रवासी जहाजानं नकळत ते केलं, ३७११ माणसं, जवळजवळ सगळ्यांची टेस्ट, ७१२ पॉझिटिव्ह, त्यातून वयाचं चित्र फेब्रुवारी-मार्च २०२० मधेच दिसायला लागलं होतं. ते चित्र दिसेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, दिसलं की ज्यांना धोका नाही त्यांना लगेच मोकळं करायचं. असा चार-सहा आठवड्यांचा थांबा मला मान्य आहे, वर्षभराचा नाही.

रानवाट :

चार-सहा आठवडे, पैसे आणि धान्य आधी पोचवून. मलाही मान्य.

सांजवेळ :

पारवाताई, डेक्सामेथासोनसारखं औषध पुढच्या वेळी अजून लवकर सापडू शकेल का? म्हणजे तीन महिनेसुद्धा खूप असतात ना. त्या तीन महिन्यांत गेलेल्यांपैकी एक माझे सासरे आहेत.

पारवा :

सांजवेळ, वाईट वाटलं वाचून.

हो, सापडू शकेल. रिकव्हरीचा पहिला पेशंट १९ मार्च २०२० ला घेतला आणि १६ जूनला निकाल, हाच तोवरचा विक्रमी वेग होता, आणि तो जमला कारण फॉर्म एका पानाचा होता आणि ब्रिटनची जवळजवळ सगळी सरकारी हॉस्पिटलं एकत्र आली. रीमॅप-कॅप नावाचा दुसरा एक ट्रायल तर २०१६ पासून साध्या न्यूमोनियाच्या पेशंटवर चालूच होता, आणि साथ आली तर लगेच त्यात नवा रोग जोडायचा अशी सोय त्यांनी सुरुवातीपासून करून ठेवली होती. परवानग्या तयार, हॉस्पिटलं तयार, फक्त स्विच टाकायचा. असे ट्रायल प्रत्येक मोठ्या देशात साथ नसतानाही चालू ठेवायला हवेत, खर्च लॉकडाऊनच्या एका दिवसाच्या मानानं काहीच नाही. आमच्याकडे २०२० च्या एप्रिलमधे प्रत्येक हॉस्पिटल आपापल्या अंदाजानं वेगवेगळी औषधं देत होतं, हजारो पेशंट झाले आणि त्यातून कुणालाच काही शिकता आलं नाही, कारण कुणाला काय दिलं आणि पुढे काय झालं ते एका ठिकाणी लिहिलंच गेलं नाही.